गरम झाली की बंद, थंड झाली की चालू: जुन्या डर्ट बाइकचा हा आजार पकडायचा कसा

जुनी टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी) डर्ट बाइक रेसला नेणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रकार कधी ना कधी येतोच. सकाळी पहिल्या किकला चालू, प्रॅक्टिसला एकदम खणखणीत, आणि रेस लागली की तिसऱ्या नाहीतर चौथ्या लॅपला मिसिंग मारायला लागते आणि ठप्प. ढकलत ढकलत पिटमध्ये आणायची, अर्धा तास जातो, सहज म्हणून किक मारली की चालू! मग कार्बोरेटर खोलला जातो, कारण तो पटकन हाताला लागतो, जेट फुंकले जातात, परत बसवला जातो, गाडी चालू होते (थंड झाली होती म्हणून, साफ केला म्हणून नाही) आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. पुढच्या रेसला परत तिथेच उभी.

माझ्या २५० सीसीच्या मागे दोन शॉक ॲब्झॉर्बर असलेल्या गाडीने मला असे दोन सीझन घालायला लावले. दोन कार्बोरेटर झाले, प्लग किती झाले मोजले नाहीत, वरची एचटी कॉइल (प्लगला हाय व्होल्टेज देणारी) बदलली, टाकी आतून धुतली, आणि प्रत्येक वेळी घरी आणून चेक केलं की सगळं ओके. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण ह्या आजारात बदललेल्या पार्टपेक्षा कधी तपासलं ह्याला जास्त महत्त्व आहे. थंड गाडीवर हा फॉल्ट दिसतच नाही. तो दिसतो गाडी मेल्यावरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत, ट्रॅकच्या कडेला, आणि नेमक्या त्याच वेळी आपण वैतागून हेल्मेट काढत असतो.

पहिलं काम म्हणजे गाडी मेली कशी ते डोक्यात पक्कं ठेवा, कारण मरायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्हींचा रस्ता वेगळा आहे. एक, बटण दाबल्यासारखी फट्कन बंद, किंवा जोरात फुटक मारून बंद, म्हणजे बहुतेक करंटची भानगड. दोन, हळूहळू ताकद कमी होते, फुल रेसला (म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला की) बुडबुडल्यासारखं किंवा उपाशी असल्यासारखं करते, रेस सोडली की जरा सावरते, परत दिली की परत तेच, म्हणजे पेट्रोल पोचत नाही. तीन, कोणीतरी मागून ब्रेक लावल्यासारखी जड होते, आवाज बदलतो, कधी पत्र्याचा डबा हलवल्यासारखा टिंगटिंग आवाज येतो, आणि मग थांबते. हे तिसरं झालं तर विचार करत बसू नका, त्याच क्षणी क्लच दाबा, कारण पिस्टन जाम होतोय आणि मागचं चाक लॉक होऊन माणूस पडतो. तीनपैकी कुठलं ते रायडरलाच कळतं, मेकॅनिकला नाही, म्हणून गाडी दुसरा चालवत असेल तर तो उतरताक्षणी त्याला हे विचारा, संध्याकाळी विचारलंत तर त्याला आठवणार नाही.

सोबत काय ठेवायचं तर एक जादा प्लग, प्लग पाना, रिकामी पाण्याची बाटली, एक ओलं फडकं. मल्टिमीटर पिटमध्ये असला तरी चालेल.

आता गाडी उभी राहिली की पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. सूऽऽ करून हवा आत गेली तर अर्धं उत्तर मिळालं. टाकीतनं पेट्रोल खाली जायचं तर वरून तेवढी हवा आत यायला पाहिजे, झाकणाचं भोक चिखलाने बुजलं किंवा ब्रीदर पाइपमधला एकतर्फी व्हॉल्व्ह उलटा बसला (हे मी स्वतः दुसऱ्याच्या गाडीवर बघितलंय, नवीन झाकण, नवीन पाइप, व्हॉल्व्ह मात्र उलटा) की टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोलची धार बारीक होत होत थांबते. झाकण उघडून लगेच गाडी चालू होऊन नीट पळाली तर बाकी काही बघायची गरज नाही.

झाकणाने काही झालं नाही तर कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार एकसारखी पाहिजे. ही टेस्ट लोक दहा सेकंद करतात आणि सोडून देतात, पण पहिले दहा सेकंद जवळपास सगळ्याच टाक्या चांगली धार देतात. झाकण बंद ठेवून निदान दोन-तीन मिनिटं वाहू द्या (सायलेन्सर गरम असतो, बाटली लांब धरा), तेवढ्यात धार बारीक झाली तर झाकण तरी नाहीतर कॉकची जाळी तरी. जाळीत गंज आणि कचरा असतो तो हादऱ्याने वर येऊन चिकटतो आणि गाडी उभी राहिली की परत खाली बसतो, म्हणून थोड्या वेळाने सगळं ठीक वाटतं. फायबरग्लासची जुनी टाकी असेल, बुलटाको वगैरे त्या काळच्या स्पॅनिश गाड्यांना असायची, तर अजून एक त्रास आहे. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल त्या टाकीचं जुनं रेझिन विरघळवतं आणि त्याचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतो, जेटला, स्लाइडला, सगळीकडे. अशा टाकीला आतून इथेनॉल सहन करणारं कोटिंग मारल्याशिवाय कार्बोरेटर कितीही वेळा धुतला तरी उपयोग नाही.

पेट्रोल ठीक असेल तर करंट. इथे जुना प्लग काढत बसू नका, तो तसाच राहू द्या, जादा प्लग कॅपमध्ये खोचा, त्याची बॉडी हेडला घट्ट टेकवा आणि किक मारा. ह्यात वेळ वाचतो आणि उघड्या प्लगच्या भोकातनं येणाऱ्या पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगीही पडत नाही. ठिणगी निळसर-पांढरी, जाड आणि चटचट आवाज करणारी पाहिजे. बारीक, नारिंगी, कधी येते कधी नाही, तर फॉल्ट तिथेच. आणि लक्षात ठेवा, बाहेर हवेत प्लगच्या ०.६ मिमी गॅपमध्ये ठिणगी पडली म्हणजे आत कॉम्प्रेशनखाली पडेलच असं नाही, आतल्या दाबात तीच ठिणगी पडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून मी एका जुन्या प्लगची खालची पट्टी कापून ६ मिमीच्या आसपास गॅप केलेला टेस्टर ठेवलाय, ते अंतर उडी मारून जाणारी ठिणगी असेल तर इग्निशनवर भरवसा ठेवायचा.

ठिणगी मेली असेल तर आधी किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर काढून टाका. टाकीच्या खालनं जाणारी ही वायर घासून घासून सोलते, किंवा गरम हेडजवळ तिचं प्लास्टिक मऊ पडतं आणि फ्रेमला टेकते की गाडी बंद. दोन मिनिटांचं काम आहे आणि ह्यात मी अनेकांचं इंजिन उगाच खोलण्यापासून वाचताना बघितलंय.

त्याच्या पुढे मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावर फिरणारं, करंट बनवणारं चुंबकाचं चाक) आतलं जग सुरू होतं, आणि ह्या आजाराची मुळं सगळ्यात जास्त तिथेच सापडतात. ह्या गाड्यांचं वय बघा. बेल्जियमच्या जोएल रॉबर्टने सीझेड ह्या चेक गाडीवर २५० सीसी मोटोक्रॉसची वर्ल्ड चॅम्पियनशिप पहिल्यांदा घेतली १९६४ मध्ये, यामाहाची डीटी-१ आली १९६८ ला. मूळ कॉइल असेल तर तिच्या तारेवरचं वार्निश पन्नास-साठ वर्षांचं झालंय, कंडेन्सर बदललेला असला तरी कित्येकदा तोही कुठल्यातरी कपाटात तीस वर्षं पडून असलेला ‘नवीन’ असतो, आणि हे सगळं बसलंय तापलेल्या क्रँककेसला चिकटून, झाकणाच्या आत, जिथे वारा जात नाही.

पॉइंटवाल्या गाडीत (पॉइंट म्हणजे ठिणगीच्या क्षणी कॉइलचा करंट तोडणारा छोटा स्विच) कंडेन्सरचं काम असं की पॉइंट उघडताना करंट त्या फटीतून उडी मारायला बघतो, कंडेन्सर तो स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र झटक्यात कोसळतं आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. कंडेन्सर गरम होऊन गळायला लागला की हे कोसळणं सावकाश होतं, ठिणगी नारिंगी पडते आणि पॉइंटवरच मोठी ठिणगी जळायला लागते. मॅग्नेटच्या खिडकीतनं, सावलीत, दुसऱ्याला किक मारायला लावून बघा. पॉइंटवर बारीकशी ठिणगी चालते, पण पिवळट मोठी ज्योत दिसली आणि पॉइंटचे तोंड काळेनिळे असले तर कंडेन्सर गेला.

माझ्या गाडीत हेच होतं. सापडलं कसं तर गाडी मेली, झाकण, पेट्रोल, किल वायर सगळं बघून झालं, ठिणगी नारिंगी. ओलं फडकं आधी टाकीखालच्या एचटी कॉइलवर गुंडाळलं, मिनिटभर थांबलो, किक, तीच नारिंगी. मग मॅग्नेटचं झाकण काढलं, आतनं तापलेल्या वार्निशचा वास आला, फडक्याचं टोक पिळून खिडकीतनं कंडेन्सरच्या डबीवर अलगद टेकवून धरलं, पॉइंटला पाणी लागू न देता. दीड-दोन मिनिटं. किक मारली आणि ठिणगी निळी! फडकं काढून तसाच थांबलो, इंजिनच्या उष्णतेने डबी परत तापली आणि ठिणगी परत नारिंगी. दोन सीझनचं उत्तर त्या दोन किकमध्ये मिळालं. (गरम सिलेंडरवर मात्र ओलं फडकं टाकू नका, कास्ट आयर्नला तडा जाऊ शकतो.)

उपाय पक्का आहे, कंडेन्सर मॅग्नेटखाली ठेवायचाच नाही. ०.२२ मायक्रोफॅरॅडचा चांगला फिल्म कपॅसिटर घ्यायचा, ६३० व्होल्टचा, कारण पॉइंट उघडताना प्रायमरीला दोन-तीनशे व्होल्टचा झटका बसतो, आणि तो टाकीखाली वाऱ्यावर बसवायचा, एक टोक पॉइंटच्या वायरला, दुसरं चांगल्या घासलेल्या अर्थला. जुना कंडेन्सर सर्किटमधून तोडायचा, दोन्ही जोडून ठेवायचे नाहीत, नाहीतर गळणारा आहे तो गळतच राहतो.

पॉइंटचा गॅपही मनाने ठेवू नका. पुष्कळ मॅग्नेटोंना ०.३५ ते ०.४ मिमीच्या आसपास लागतो पण आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा, कारण मॅग्नेटोत गॅप बदलला की फक्त टायमिंग बदलत नाही, मॅग्नेटचा पोल कॉइलच्या पायापासून सुटण्याच्या ज्या क्षणी करंट सगळ्यात जास्त असतो तो क्षणही चुकतो आणि ठिणगी कमजोर पडते. साठच्या दशकात ट्रायम्फ आणि बीएसएच्या काही ऑफरोड मॉडेलांना लुकासचं एनर्जी ट्रान्सफर इग्निशन होतं, ते ह्या बाबतीत फार हळवं, थोडा गॅप हलला की गरम गाडी चालूच होत नाही.

पॉइंट नसलेली, सीडीआयवाली (इलेक्ट्रॉनिक इग्निशनची) गाडी असेल तर आतली सोर्स कॉइल (सीडीआयला करंट पुरवणारी) गरम करून मोजा. काढून टेबलावर ठेवा, थंड असताना ओहम लिहून ठेवा, मग हेअर ड्रायरने पंधरा मिनिटं तापवा आणि मीटर लावूनच ठेवा. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे २० डिग्रीला ३०० ओहम असलेली कॉइल ८० डिग्रीला ३७० च्या आसपास दाखवणारच, त्याला फॉल्ट समजून कॉइल फेकू नका. फॉल्ट म्हणजे आकडा अचानक उडी मारतो, ओपन होतो, किंवा वाढायच्या ऐवजी खाली येतो. आणि मीटर चांगलं दाखवत असेल तरी कॉइल निर्दोष सुटली असं नाही, मीटर आत दोन-चार व्होल्टच सोडतो, गाडीत तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि कमजोर इन्सुलेशन त्याच दाबाला फुटतं. अशा वेळी रीवाइंड करून घेणं हाच मार्ग, आणि ते करणाऱ्याला सांगा की उच्च तापमानाची वार्निशवाली तार वापर.

प्लगबद्दल थोडक्यात. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशच्या आजच्या नंबरांत उलट, आकडा वाढला की गरम. हे न बघता ब्रँड बदलणारे लोक गरम प्लग लावून बसतात आणि पिस्टनला भोक पाडून घेतात.

आता माझ्या गोष्टीचा दुसरा भाग, कारण आजार तिथे संपला नाही. कंडेन्सर बाहेर काढल्यावर दोन रेस झकास गेल्या आणि तिसऱ्या रेसला परत गरम झाल्यावर त्रास. पहिली प्रतिक्रिया अशी की कपॅसिटर गेला, पण ह्या वेळी मरणं वेगळं होतं, फट्कन बंद नव्हती झाली. सरळ पट्ट्यात जड झाली, टिंगटिंग आवाज आला, मी क्लच दाबला. आणि आदल्या दिवसापासून आयडलिंगला एक गोष्ट होत होती जिच्याकडे मी दुर्लक्ष केलं होतं, रेस सोडली तरी आरपीएम लगेच खाली येत नव्हता, वरच लटकून राहायचा आणि मग सावकाश उतरायचा. टू-स्ट्रोकमध्ये हे लक्षण दिसलं की कुठूनतरी फुकटची हवा आत येतेय असं धरून चाला. एवढंच नाही, पॉइंटवर तेलाचा पातळ थर यायला लागला होता, तो मी दर रेसला पेट्रोलने पुसत होतो आणि तो येतोय कुठून हे विचारत नव्हतो.

मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक सील (क्रँकच्या शाफ्टभोवतीचं रबरी सील) गेलं होतं. त्या सीलमधून पिस्टन खाली येताना पेट्रोल-तेलाची वाफ बाहेर पॉइंटवर आणि पिस्टन वर जाताना बाहेरची हवा आत, म्हणजे करंटही बिघडवतं आणि मिक्श्चरही लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) करतं. आणि जुनं कडक रबर थंड असताना बऱ्यापैकी धरून बसतं, तापल्यावर सोडतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर लक्षणं उलटी, गिअरचं ऑइल इंजिन पितं, सायलेन्सरमधनं पांढरा दाट धूर, प्लग ओला, आणि गिअरबॉक्सची लेव्हल कुठेही न गळता कमी होते.

ह्याची टेस्ट घरी होते आणि जुनं टू-स्ट्रोक इंजिन पळवणाऱ्याने ती वर्षातनं एकदा करावीच. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी पंप आणि घड्याळ घ्या, ते ३०० मिमी दाखवतं म्हणजे ६ पीएसआयला थोडं कमी, आपल्याला तेवढंच हवं असतं, जास्त दाब दिला तर चांगलं सीलही जागेवरून सरकेल. सायलेन्सर काढून तिथे घट्ट रबरी बूच, कार्बोरेटर काढून मॅनिफोल्डला दुसरं बूच आणि त्याच बुचातनं पंपाची नळी. प्लग जागेवर राहू द्या. पिस्टन वर आणा, ह्या गाड्यांत इनटेकचं तोंड तेव्हा क्रँककेसला उघडं होतं, ३०० पर्यंत पंप करा आणि सहा मिनिटं बघा. चालणारं प्रमाण म्हणजे मिनिटाला १ पीएसआयपेक्षा कमी, घड्याळावर साधारण ५० मिमी, पण चांगलं बांधलेलं इंजिन जवळजवळ हलत नाही. उतरत असेल तर साबणाचं पाणी: मॅग्नेट काढून सीलभोवती, मॅनिफोल्डच्या पॅकिंगला, क्रँककेसच्या जोडावर. मग पिस्टन खाली नेऊन बेस पॅकिंग आणि हेड. कुठेच फुगा नाही आणि तरी उतरतंय तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरला साबण लावा, तिथे फुगे आले की क्लचच्या बाजूचं सील. माझ्या गाडीत मॅग्नेटच्या बाजूला सीलच्या ओठाजवळ मुगाच्या दाण्याएवढे फुगे एकामागोमाग एक येत होते, सहा मिनिटं कसली, अर्ध्या मिनिटात काटा शून्यावर.

नवीन सील लावताना क्रँकच्या शाफ्टवर जुन्या ओठाने खाच पाडलीय का ते नख फिरवून बघा, नख अडकलं तर सील मिलिमीटरभर आत किंवा बाहेर बसवा म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर फिरेल, पण बेअरिंगच्या ऑइलचं भोक बुजणार नाही हे बघून. स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे. मॅग्नेट जागेवर धरणाऱ्या चावीच्या, शाफ्टवरच्या खाचेवर पातळ प्लास्टिक गुंडाळून, ओठाला तेल लावून सरकवा, ती खाच पात्यासारखी असते आणि नवीन सील बसवतानाच कापलं गेलं तर परत तेच चक्र. मॅग्नेट काढलाच आहे तर ती अर्धचंद्र चावीही तपासा, थोडी जरी कातरली असेल तर टायमिंग हललेलं असतं.

ह्याच काळात दोन चुका मी केल्या त्या सांगतो, कारण बहुतेक जण त्याच करतात. हवा आत येत होती तर मी मेन जेट मोठा करत गेलो, थंड सकाळी फरक पडल्यासारखं वाटलं आणि दुपारी उन्हात परत जाम. गळतीची हवा जेटने भरून निघत नाही, ती आयडलिंगला वेगळी आणि फुल रेसला वेगळी असते. दुसरी चूक, पिस्टन वाचावा म्हणून ऑइल वाढवलं, पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ३२:१ वरून २०:१. ऑइल वाढलं म्हणजे त्याच जेटमधनं जाणारं पेट्रोल कमी झालं, म्हणजे मिक्श्चर अजून लीन. ऑइलचं प्रमाण बदलायचं असेल तर जेटिंगही परत करावं लागतं.

फोर-स्ट्रोकवाल्यांसाठी दोनच गोष्टी. गरम झाल्यावर बंद पडली आणि किक हलकी लागली तर टॅपेट टाइट आहेत, तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निघून जातं. आणि अमलचा काँसेन्ट्रिक कार्बोरेटर असेल तर फ्लँजचे नट जीव खाऊन आवळू नका, बॉडी वाकते आणि गरम झाल्यावर स्लाइड आत अडकते, सरळ पट्टी लावून फ्लँजमधनं उजेड दिसतोय का बघा.

जुनी जीप किंवा तसली ऑफरोड गाडी असेल तर संशय आधी पेट्रोलच्या लाइनवर घ्या. एक्झॉस्टच्या जवळनं जाणाऱ्या लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल अजून लवकर उडतं. थोडं निवल्यावर पंपावर ओलं फडकं ठेवून गाडी चालू झाली तर लाइन एक्झॉस्टपासून लांब फिरवा आणि मध्ये पत्र्याची आड लावा.

सील बदलून, परत प्रेशर टेस्ट करून (सहा मिनिटांत काटा बारीकसा हलला) मी मेन जेट मूळ नंबरवर आणला, ऑइल ३२:१, टायमिंग डायल गेजने मॅन्युअलप्रमाणे. पुढच्या रेसला दोन्ही मोटो (रेसच्या फेऱ्या) पूर्ण झाले. दुसरा संपल्यावर इंजिन हात लावता येणार नाही इतकं तापलेलं होतं, तशातच रेस मारून सोडली, आरपीएम सरळ खाली आला. मग मॅग्नेटचं झाकण काढून पॉइंटच्या मधनं पांढरा कागद ओढला, कोरडा निघाला.